मेकलचा दगड आणि घरातली पायली



 मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर भरपूर जागा आहे. व्याख्यान लांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

या टेबलावर मी चार वस्तू मांडल्या आहेत. सोनाराकडे असतो तसला एक छोटा काटा. गुंजांची पुरचुंडी. माझ्या आजीची लोखंडी पायली, हिचा काठ एका बाजूला थोडा आत गेलेला आहे, तो तसा का गेला ते पुढे सांगतो. आणि चौथी वस्तू म्हणजे आज सकाळी धनेगावाहून कचारगडच्या गुहेकडे चढताना वाटेत उचललेला मुठीएवढा दगड. गुहेतला नाही, वाटेतला. तिथलं काही उचलायचं नसतं, एवढं मला कळतं.

गुहेपाशी गेलं की गोंड समाजाची ती कथा आठवतेच. काली कंकालीची लेकरं गुहेत कोंडली गेली, तोंडावर शिळा आली. धर्मगुरू पारी कुपार लिंगो आले, हिरासुका पाटालीरने वाद्य छेडलं, त्या सुरांनी आतल्या लेकरांच्या अंगात बळ आलं, शिळा सरकली आणि हिरासुका तिच्याखाली गेला. माघ पौर्णिमेला लाखो माणसं इथे येतात ती या कथेच्या ओढीने. पाच-सहा राज्यांतून येतात, दरेकशाच्या छोट्या स्टेशनवर उतरून चालत येतात. मी लहानपणी विचारलं होतं, "ती शिळा किती मणांची होती?" उत्तर मिळालं नाही. कथेने आकडा सांगितलेला नाही, आणि फार शहाणपणाने सांगितलेला नाही. सांगितला असता, तर आज कुणीतरी त्याचे किलो करून मोकळा झाला असता.

आजचा विषय तोच आहे. जुन्या वजनांचे किलो कसे करायचे? आणि केले, तर त्यांवर विश्वास किती ठेवायचा?

तुम्ही म्हणाल, यात व्याख्यानासारखं काय आहे? एका तोळ्याचे इतके ग्रॅम, एका शेराचे इतके, कोष्टक पाठ करा आणि गुणाकार करा. शाळेत आम्ही तेच केलं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, पाच तोळ्यांचा छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. गुणाकार सोपा आहे. पण गुणाकाराच्या आधी तीन प्रश्न विचारावे लागतात. कुठलं माप? कुणाच्या हातातलं? किती झिजलेलं? हे न विचारता केलेला गुणाकार आकड्यात बिनचूक असतो आणि अर्थाने साफ खोटा.

गुंजेपासून सुरुवात करू. आपल्या झुडपांवर चढणारी ही वेल, लाल दाणा, डोळ्याशी काळा ठिपका. पोरांनो, हातात घ्या, तोंडात घालू नका. ती विषारी आहे. या दाण्यावर या देशाने हजारो वर्षं सोनं तोललं. का? दाणे साधारण एकसारखे असतात, वाळल्यावर वजन फारसं बदलत नाही, आणि फुकट मिळतात. वजन-मापाचं खातं जंगलात उगवत असेल तर सरकारला अजून काय हवं?

पण "साधारण एकसारखे" म्हणजे किती? काल रात्री मी दहा-दहा गुंजांच्या पाच ढिगल्या केल्या आणि या काट्यावर ठेवल्या. सगळ्यात हलकी ढिगली भरली ०.९८ ग्रॅम, सगळ्यात जड १.२१. एकाच वेलीच्या गुंजा, बरं का! म्हणजे सोनाराने दाणे निवडून घेतले की निवडून दिले, यावर गिऱ्हाइकाचं नशीब ठरणार.

आता कोष्टकातली गुंज पाहा. इंग्रजांनी १८३३ साली बंगाल इलाख्यात तोळा बांधून टाकला, तो १८० ग्रेनचा, म्हणजे आजचे ११.६६४ ग्रॅम. रुपयाचं नाणंही त्याच वजनाचं. त्याचे ९६ भाग केले की गुंज येते १२१.५ मिलिग्रॅमची. आयुर्वेदाच्या सरकारी योगसंग्रहात मात्र गुंज १२५ मिलिग्रॅम धरली आहे, म्हणजे मासा बरोबर एक ग्रॅम आणि तोळा बारा ग्रॅम. हिशेबाला सोयीचं. आणि रत्नांचा व्यापारी तुम्हाला "सव्वापाच रत्तीचा पुष्कराज" देतो तेव्हा त्याची रत्ती, म्हणजे गुंजच, साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढची असते. तीन दुकानं, तीन गुंजा. वेलीवरची चौथी. यातली खरी कुठली? प्रत्येक आपापल्या दुकानात खरी.

तोळ्याची एक घरची गोष्ट सांगतो. आमच्या आत्याच्या पेटीत एक कागद निघाला. "गोफ, तोळे पाच." अक्षर आजोबांचं. गोफ सोनाराकडे नेला, तर भरला ५८ ग्रॅमच्या वर थोडा. झालं. एक पुतण्या म्हणाला, पाच तोळे म्हणजे पन्नास ग्रॅम, वरचे आठ ग्रॅम आत्याने नंतर घातले असणार, ते वेगळे वाटा. दुसरा म्हणाला, हा गोफच तो नव्हे. भांडण पेटलं. आजोबांचा तोळा ११.६६४ चा होता, पाच गुणिले तेवढे म्हणजे ५८.३. गोफ तोच होता, कागद खरा होता, सोनं खरं होतं. बदलला होता तो तोळा. सराफ्यात दहा ग्रॅमलाच "तोळा" म्हणायची रीत पडली आणि जुन्या शब्दाच्या पोटातून दीड ग्रॅमच्या वर सोनं गुपचूप निघून गेलं. (हशा) हसता काय, घरी जाऊन आपापल्या पेट्या उघडा.

तोळ्यात एवढा घोळ, तर मणाचं काय?

मराठी माणसाला मण म्हटलं की एक आकडा आठवतो. बत्तीस मणांचं सुवर्णसिंहासन. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला, राजारामांच्या काळात, बखर लिहिली. तीत शिवाजी महाराजांच्या रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या वर्णनात हा आकडा येतो. राज्याभिषेक १६७४ चा. आता बत्तीस मणांचे किलो किती? मी माझ्या कानांनी ऐकलेला हिशेब असा: मण म्हणजे चाळीस किलो, बत्तीस गुणिले चाळीस, बाराशे ऐंशी किलो. टाळ्या. थोडा काटेकोर माणूस म्हणतो, मण ३७.३२ किलोचा, म्हणजे ११९४. पुन्हा टाळ्या, पण ३७.३२ किलोचा मण हा १८३३ नंतरचा, इंग्रजांनी बांधलेला. तो महाराजांच्या कारखान्यात कसा गेला?

ज्या काळात हे सिंहासन घडलं, त्या काळाच्या आजूबाजूला देशात मण तरी किती होते, बघा. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातली वजनं लिहून ठेवली आहेत, त्यात शेर चौदा तोळ्यांचा. आपल्या शाळेतला शेर ऐंशी तोळ्यांचा! म्हणजे बाबराने टिपलेला मण जेमतेम साडेसहा किलोचा. अकबराच्या कारकिर्दीत शेर तीस दामांचा, म्हणजे तीस तांब्याच्या नाण्यांच्या वजनाचा झाला, जहांगिराने छत्तीस दामांचा केला, शहाजहानाने चाळीसचा. बाप गेला की मुलगा मण वाढवायचा. सुरतेच्या व्यापारात मण सदतीस पौंडांच्या आसपास, म्हणजे सतरा किलोला थोडा कमी. मुंबई बंदराचा मण अठ्ठावीस पौंडांचा, म्हणजे १२.७ किलो.

आता बत्तीसने गुणा. बाबरी मणाने २०९ किलो. मुंबईच्या मणाने ४०६. सुरतेच्या मणाने ५४२. इंग्रजी मणाने ११९४. सोनं फार जड, एका लिटरच्या भांड्यात एकोणीस किलोंहून जास्त मावतं. म्हणजे मुंबईच्या मणाने सगळं सोनं वितळवलं तर लग्नात ठेवतात तो वीस लिटरचा पाण्याचा जार भरतो आणि वर थोडं उरतं. इंग्रजी मणाने तीन जार भरतात. एक जार की तीन? सभासदाने लिहिलेला शब्द एकच आहे.

मला कुणी विचारलं की तुम्ही कुठला मण धरता, तर मी रायगडाच्या परिसरातल्या बंदरांच्या मणाकडे आधी बघेन, कारण कोकणातलं सोनं-नाणं त्याच बाजारातून फिरत होतं. पण मी शेवटी "बत्तीस मण" असंच छापेन. सभासदाने दिलेला शब्द ठेवावा आणि कंसात आकड्यांचा पट्टा द्यावा. एकच किलो छापला, की वाचकाला वाटतं कुणीतरी काट्यावर ठेवून बघितलं होतं.

खंडीचंही तसंच. वीस मणांची खंडी. मुंबईच्या मणाने ती ५६० पौंडांची, म्हणजे २५४ किलो. मद्रासेची पाचशे पौंडांची. पण आमच्या विदर्भातला कापूसवाला रुईचा भाव सांगतो तो आजही खंडीचा, आणि ती खंडी आहे ७८४ पौंडांची, म्हणजे साडेतीनशे किलोंच्या वर. आजच्या पेपरात, आजच्या भावात! आणि तुमच्या धानाची खंडी? ती तर वजनच नव्हे, माप आहे. तिच्याकडे येतोच, कारण माझं खरं बोलणं तिथे आहे.

हा दगड बघा. मघाशी वाटेतला म्हणालो तो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजन-मापाच्या अधिकाऱ्यावर एक प्रकरण आहे. तो सांगतो की तोलायची वजनं लोखंडाची असावीत, किंवा मगध आणि मेकल इथल्या दगडाची. नाहीतर अशा पदार्थाची, जो भिजला तरी वाढत नाही आणि तापला तरी घटत नाही. मेकल म्हणजे काय? नर्मदेला मेकलकन्या म्हणतात, ते मेकल. अमरकंटकाकडून खाली बालाघाट-राजनांदगावच्या अंगाला उतरणारी मैकलची रांग. कचारगडाच्या माथ्यावरून उत्तर-पूर्वेला बघितलं तर जो मुलूख पसरलेला आहे, तोच. पाटलीपुत्राच्या बाजारात सोनं तोलायला या बाजूचा दगड चालत होता, कारण तो पाणी पीत नव्हता. माझ्या हातातला दगड तोच आहे असा दावा मी करत नाही. भूगर्भशास्त्र्यांनी मला माफ करावं. पण या डोंगराळ मुलखाबद्दल आपण ऐकतो ते कायम असं की इथे मोजमाप बाहेरून आलं, हिशेब बाहेरून आला. आणि इकडे त्या काळच्या सगळ्यात मोठ्या राज्याचं वजन-मापाचं पुस्तक सांगतंय की तोलायचा दगड या डोंगरातून आणा!

याच प्रकरणात पुढे आहे ते अजून महत्त्वाचं. द्रोण हे धान्याचं माप. पल हे त्या काळचं वजन. द्रोण किती पलांचा? कौटिल्य चार उत्तरं देतो. राजाच्या कोठारात धान्य येतं तेव्हा द्रोण दोनशे पलांचा. बाजारात व्यवहाराला शंभरावर साडेसत्त्याऐंशी, म्हणजे १८७½. कोठारातून नोकर-चाकरांना द्यायचा तेव्हा १७५. आणि अंतःपुराला द्यायचा तेव्हा १६२½. नाव एकच, द्रोण. घेताना दोनशे, देताना एकशे पंचाहत्तर. आठवा हिस्सा मधल्या मध्ये राहिला, आणि कुणी चोरी केली नाही. कायद्यानेच राहिला.

आता सांगा, "एका द्रोणाचे किलो किती?" हा प्रश्न बरोबर आहे का? आधी विचारायला हवं, येणारा द्रोण की जाणारा?

हे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देऊ नका. तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या लोकांना मी विचारतो. धान उसनं आणलं तेव्हा पायली कशी भरली जायची? काठाला सपाट. वर हात फिरवून. आणि परत करायला गेलात तेव्हा? शिगोशीग! वर टोक निघेपर्यंत, दाणे ओघळेपर्यंत. पायली तीच, हीच. घेणाऱ्याच्या हातात तिला शिखर फुटायचं आणि देणाऱ्याच्या हातात ती बोडकी व्हायची. शीग म्हणजे शिखाच. आणि गंमत पाहा, कौटिल्याला हेही माहीत होतं. मापं वाळलेल्या टणक लाकडाची करा, म्हणतो, आणि शीग चौथ्या हिश्शाएवढी येईल अशी करा, नाहीतर शीग आतच धरून माप मोठं करा. म्हणजे शीग किती, हा वाद तेव्हाही होता, म्हणून तर नियम करावा लागला.

माझ्या आजीच्या पायलीचा काठ आत का गेला ते आता सांगतो. एका वर्षी तिने सावकाराच्या माणसाला शीग लावू दिली नाही. पायली ओढली, त्याने ओढली, ती ओट्यावर आपटली. काठ चेपला. आजी पुढे म्हणायची, "त्या दिवसापासून ही पायली थोडी आमच्या बाजूने आहे." आता या चेपलेल्या पायलीचे लिटर कोण आणि कसे काढणार? काढता येतात, शेवटी काढणारच आहोत. पण ते लिटर या एका पायलीचे. सालेकसा तालुक्यातल्या सगळ्या पायल्यांचे नव्हेत.

आणि माप आलं की दुसरा घोळ येतो. माप जागा मोजतं, वजन मोजत नाही. याच पायलीत धान भरा, मग तांदूळ भरा. तांदूळ दीडपटीच्या जवळ जातो, कारण धानाला टरफल आहे, कूस आहे, दाण्यादाण्यात हवा आहे. कोदो भरा, तूर भरा, वाळलेला मोह भरा, प्रत्येकाचं वजन निराळं. मोह तर कालचा वेगळा आणि महिन्याभराने वेगळा. म्हणून "एक पायली म्हणजे किती किलो" याचं उत्तर "कशाची?" हेच.

आणि कुडव! हा शब्द संस्कृतात आहे, अगदी कौटिल्याच्या आधीपासून चालत आलेल्या मापांच्या घराण्यातला. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. आयुर्वेदाच्या आजच्या सरकारी कोष्टकात कुडव १९२ ग्रॅमचा, म्हणजे चहाच्या एका मोठ्या कपाएवढा. आपल्या झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला कुडव? वीस कुडवांची खंडी. कितीतरी पायल्या एका कुडवात बसतात, आणि किती बसतात यावर तर गावागावाचं जमत नाही. तिकडे गोव्यातही खंडी वीस कुडवांचीच. मधे सगळा महाराष्ट्र पडलेला असताना दोन टोकांना तोच शब्द आणि तोच वीसचा हिशेब टिकला आहे. पण आयुर्वेदातला ओंजळभर कुडव शेतात उतरला तो पोत्याच्या घरात गेला. एखादा हौशी अभ्यासक जुना काढ्याचा पाठ घेऊन झाडीपट्टीच्या कुडवाने औषध उकळायला बसला, तर गावजेवणाचा हंडा लागेल.

पुढे तर हीच मापं जमिनीवर चढतात. "ती कुडवाची बांधी", "ती खंडीची बांधी" असं आपण म्हणतो ते बियाण्यावरून. जितकं बी पडतं तितकी जमीन. पण बी फेकून आवत्या टाकला तर बी जास्त, रोपं लावून रोवणा केला तर कमी. म्हणजे पेरायची रीत बदलली की कुडवाची बांधी कागदावर वाढणार. मापाचं वजन, वजनाचं क्षेत्रफळ, आणि मग त्यावरून भाऊबंदकी. असो, कोर्टात आज गेलो तर परत यायला उशीर होईल.

मग हे जुनं काही कळतच नाही का? असं म्हणून हात वर करायचे का? नाही. कळतं. पण ते कोष्टकातून कळत नाही, तोलून कळतं. त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं.

दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातल्या कोसबेनचा, १९०७ चा. गणिती माणूस. १९४० च्या सुमारास ते जुन्या चांदीच्या आहत नाण्यांकडे वळले. ठसे उमटवलेली ती कार्षापणं, पुस्तकाप्रमाणे बत्तीस रत्तींची, साधारण साडेतीन ग्रॅमच्या घरातली. कोसंबींनी काय केलं? नाणी तोलली. एक नाही, दहा नाही, हजारो. रसायनशाळेतल्या बारीक काट्यावर एकेक नाणं. आणि ताळा करायला त्यांनी त्यांच्या काळातल्या बाजारातली चालू नाणीही तोलली. त्यांना दिसलं ते असं: नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, आणि सरासरी झिजतं ते कालाच्या प्रमाणात. जितकं जास्त फिरलं तितकं हलकं, आणि नाण्यानाण्यांमधली वजनाची तफावतही तितकी जास्त. म्हणजे हलकं नाणं हा टाकसाळीचा लबाडपणा असेलच असं नाही. ते हजारो तळहातांनी खाल्लेलं असतं! तक्षशिलेच्या हंड्यांत कुठली नाणी आधीची आणि कुठली नंतरची, हा क्रम त्यांनी असा वजनावरून लावून दाखवला. अक्षर वाचलं नाही, राजाचं नाव वाचलं नाही, झीज वाचली.

इथेच मला कचारगडाशी बांधलेलं एक नाव घेतलं पाहिजे. डॉ. मोतीरावण कंगाली. ही यात्रा आज ज्या रूपात आहे तिच्यामागे त्यांचे आणि त्यांच्या सोबत्यांचे कष्ट आहेत. सिंधू संस्कृतीची लिपी गोंडीतून वाचता येते, असं त्यांचं म्हणणं; त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. बहुतेक अभ्यासकांनी ते वाचन अजून स्वीकारलेलं नाही, लिपीचा वाद चालू आहे, आणि तो आज मी सोडवणार नाही. पण त्याच संस्कृतीचं एक लिखाण असं आहे, जे कुठल्याही भाषेच्या मदतीशिवाय वाचता आलं. तिची वजनं. चर्ट नावाच्या कठीण दगडाचे गुळगुळीत घन. मोहेंजोदडोपासून लोथलपर्यंत सापडले. त्यांवर बहुधा काही कोरलेलं नाही. मग कळलं कसं? शेकडो तोलले. वजनं ठरावीक ठिकाणी गोळा झालेली दिसली. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. सगळ्यात जास्त सापडतो तो सोळाव्या जागेचा घन, १३.७ ग्रॅमच्या आसपासचा. एवढ्या मोठ्या मुलखात एकच पद्धत, आणि ती दगडांनी स्वतः सांगितली.

आता आपली जुनी मापं आठवा. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. दुप्पट, दुप्पट, दुप्पट. लगेच कुणाच्या तरी मनात आलं असेल: हीच ती परंपरा! सरळ मोहेंजोदडोहून आमच्या कोठीपर्यंत! सावकाश. दुप्पट आणि निम्मं ही ताजव्याची स्वतःचीच चाल आहे. ढीग घ्या, दोन पारड्यांत सारखा वाटा, अर्धं झालं. ते पुन्हा वाटा. ज्याच्याकडे ताजवा आहे तो जगात कुठेही याच पायऱ्यांनी उतरणार. साम्य दिसलं म्हणून नातं जुळत नाही.

असं नातं जुळवायच्या मोहाचं एक शेजारचंच उदाहरण देतो. बालाघाट जिल्ह्यातलं गुंगेरिया. १८७० साली तिथे तांब्याच्या वस्तूंचा मोठा साठा जमिनीतून निघाला, कुऱ्हाडींची पाती आणि लांब पट्ट्या. ४२४ तांब्याच्या वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ तुकडे. काही वस्तू लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, काही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात. सगळ्या तांब्याचं वजन तेव्हा नोंदवलं ते ८२९ पौंड. याचे किलो करू. ३७६. हे रूपांतर चोख आहे, कारण पौंड कुठला ते माहीत आहे. आता हौशी माणूस काय करतो? ३७६ भागिले ४२४. येतात ८८७ ग्रॅम. अरे! शेर ९३३ ग्रॅमचा! थोडी झीज धरली की बसला शेर! साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा शेर सापडला!

नाही सापडला. त्या साठ्यात छोटी पाती आहेत, मोठी आहेत, हातभर लांब पट्ट्या आहेत. कुणीही शेराच्या मापाने ओतलेल्या नाहीत. ही सरासरी म्हणजे एक हत्ती आणि दहा शेळ्या तोलून "इथल्या जनावराचं वजन" सांगण्यासारखं आहे. सिंधू संस्कृतीच्या घनांची वजनं ठरावीक जागी गोळा होतात, गुंगेरियाची विखुरतात. फरक तिथे आहे, आणि तो सरासरी काढल्याबरोबर पुसला जातो.

आता शेवटचा टप्पा, तो भराभर घेतो. १९५६ साली कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने आले, आणि १९६२ पर्यंत शेर-मणाची वजनं कायद्याने बाजारातून गेली. तेव्हा हा भंडारा जिल्हा. गोंदिया वेगळा झाला १९९९ मध्ये. शेराचं वजन ठोकून देणाऱ्यांवर बंदी आली, पण पायली कुणी मोडली नाही. ती कोठीत राहिली. आता तर किलोची गंमत ऐका. पॅरिसजवळ सेव्हरला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा १८८९ पासून काचेच्या हंड्यांखाली जपून ठेवला होता, तोच जगाचा किलो. आपल्या देशाकडे त्याची ५७ क्रमांकाची प्रत, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत. शंभर वर्षांनी ताळा केला तर मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रतींत पन्नासेक मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला! कुणाचं वाढलं, कुणाचं घटलं, सांगता येईना. जगाचं वजनच तो ठोकळा, त्याला तोलणार कशाने? अखेर २० मे २०१९ पासून किलो निसर्गातल्या एका स्थिरांकावर टांगला, ठोकळा निवृत्त झाला. मेकलच्या दगडाचाच तो वंशज, म्हणून मला त्याची थोडी दया येते.

आणि शीग? शीग गेली असं समजू नका. धान खरेदी केंद्रावर काटा इलेक्ट्रॉनिक आहे, चाळीस किलोचा कट्टा आहे, शीग लावायला जागाच नाही. पण काट्याच्या आधी एक छोटं यंत्र येतं, ओलावा मोजणारं. सतरा टक्क्यांच्या वर गेलं की वाद सुरू. ते यंत्र कुणाच्या हातात आहे, मूठ पोत्याच्या वरून घेतली की तळातून, सकाळी घेतली की उन्हात, यावर कट्ट्याचं नशीब. यंत्र खरं बोलतं, मी त्याच्याविरुद्ध नाही. पण ते कुणाच्या हातात आहे, हे विचारायची सवय मात्र सोडू नका. शंभर किलो धानाचे सदुसष्ट किलो तांदूळ धरायचे हा भरडाईचा सरकारी हिशेब आहे, तोही एक रूपांतरच आहे, आणि त्यातही मधल्या मध्ये काही राहतं. ते कोणाकडे राहतं, हा दुसऱ्या व्याख्यानाचा विषय.

आता कबूल केल्याप्रमाणे आजीची पायली. बाहेर ओसरीत बादली आणि मोठा काटा ठेवला आहे. आधी तिच्यात काठापर्यंत पाणी भरू. पाण्याला शीग लागत नाही, म्हणून पायलीचे लिटर पाण्यानेच काढायचे, आणि चेपलेल्या बाजूने सांडतं तिथपर्यंतच भरायची. मग ती कोरडी करून तिच्यात धान, मग तांदूळ, मग मोह. एकदा सपाट, एकदा शिगेने. सात आकडे होतील. आठवीतली ती मुलगी वही घेऊन बसली आहे, ती लिहील. आकड्यापुढे धान्याचं नाव, भरणाऱ्याचं नाव आणि आजची तारीख. ज्यांच्या घरी जुनी पायली असेल त्यांनी पुढच्या रविवारी आणावी, तिच्या बुडाला सरकारी छाप आहे का तेही बघून ठेवावं.

मी भरणार नाही. सावकाराचा हात काय आणि व्याख्यात्याचा काय, दोन्हींना शीग लावायची खोड असते. मावशी, तुम्ही या, हो, तुम्हीच, मघापासून शिगेच्या वेळी मान डोलावत होता. भरा पायली. आणि पहिली ओतताना "एक" म्हणू नका हं. आपल्याकडे पहिल्या पायलीला "लाभ" म्हणतात.